तांदळाच्या दाण्याएवढं

आमच्या गल्लीतले ऋषीभाऊ टूथपेस्ट घ्यायला दुकानात आले, की मी मेथी निवडायला घेते. एक जुडी निवडून होते, कधी दोन होतात, तरी हा माणूस काउंटरपाशी उभाच. समोर सहा कंपन्यांचे सहा डबे ओळीनं मांडलेले, उजव्या हातात भिंग, आणि नाकापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळलेला. डब्यांच्या मागची ती बारीक अक्षरं ऋषीभाऊ ओठ न हलवता वाचतात. एक डबा झाला की दुसरा. शेवटी सहाही डबे जिथले तिथे ठेवतात आणि दुपट्ट्याआडून म्हणतात, "आज नाई घेत बाई. अजून जरा इचार करतो."

असं चार महिने चाललं होतं. माझा स्वभाव काही फार सोशिक नाही. एक दिवस मी मेथीची काडी त्यांच्यावर रोखून विचारलंच, "काऊन ऋषीभाऊ, पोरीसाठी पेस्ट पाहून राह्यले का नवरदेव?"

त्यांची पोरगी ओवी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची.

ऋषीभाऊंनी भिंग खाली केलं. म्हणाले, "नवरदेवासाठीच तर पेस्ट पाहून राह्यलो."

मी खो खो हसले. दुकानात साबण घ्यायला आलेली बाईही हसली. ऋषीभाऊ विनोद करत नाहीत, हे बारा वर्षांच्या शेजारानंतर मला तरी कळायला हवं होतं.

गडचांदूरला घराच्याच पुढच्या खोलीत माझं जनरल स्टोअर आहे. पेन्सिलीपासून फिनाइलपर्यंत सगळं मिळतं. मागे अंगण, अंगणाला खांद्याएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे ऋषीभाऊंचं घर. त्या भिंतीवरून मी बारा वर्षं पाहते आहे. शेजाऱ्यांच्या घरात डोकावू नये वगैरे ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणावं. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, दोन्ही मुलं बाहेरगावी, आणि आमच्या टीव्हीला चित्र येतं तर आवाज येत नाही.

तर ऋषीभाऊ काट्यावर आहेत. काटा म्हणजे रस्त्यालगतचा ट्रक मोजायचा वजनकाटा. गाडी आधी खाली, म्हणजे रिकामी, मोजायची, मग भरलेली मोजायची, एकातून दुसरं वजा करायचं आणि माल किती ते सांगायचं. वीस वर्षं हेच केल्यामुळे माणसाचं डोकंही तसंच झालेलं. त्यांना कोणी काहीही सांगितलं, तरी उत्तर एकच, "हे भरल्या गाडीचं झालं. खाली गाडीचं सांगा."

मी म्हटलं, आज भलतीच थकली बाप्पा मी, तर म्हणणार, "काल किती थकल्या होत्या? खाली गाडीचं सांगा, मंग समजन." कोणाचा मुलगा हुशार निघाला म्हटलं, तर आधी तो किती ढ होता ते यांना हवं. एकदा गल्लीत एका घरी माणूस वारला. लोक म्हणाले, फार भला माणूस होता. ऋषीभाऊ तिथेही तोंड उघडणार होते. मी मागून त्यांची बाही ओढली.

आणि काळज्या! पंख्याचा स्क्रू ढिला असेल. कुकरची शिट्टी अडकेल. पिंपळावरचं माकड अंगणात उतरेल, आणि उतरलं तर पोरीचा फ्रॉक ओढेल. पण सगळ्यात मोठी काळजी पाण्याची. कोणाच्याही घरी गेले, की पायरी चढायच्या आधी प्रश्न, "पानी बोअरचं का नळाचं?" बारशाला जावोत नाही तर तेरवीला, ओवीसाठी घरच्या पाण्याची स्टीलची बाटली काखोटीला असतेच. मागच्या नवरात्रात देवळात पुजाऱ्यानं ओवीच्या तळहातावर तीर्थ घालायला पळी पुढे केली, तर यांनी पोरीच्या तळहातावर स्वतःचा पंजा झाकला. विचारलं, "महाराज, हे पानी कुठचं?"

पुजारी म्हणाला, "गंगेचंच समजा."

"समजू कसा? बोअरचं हाय का नळाचं?"

मागची रांग कुरकुरायला लागली. बायको वर्षा पाठ फिरवून देवळातली घंटा बघत उभी राहिली. वर्षा फार शांत बाई. घरी शिलाई मशीन चालवते आणि नवऱ्याकडे सुईत दोरा ओवताना पाहावं तसं एक डोळा बारीक करून पाहते. ऋषीभाऊंचं लग्न उशिरा झालं, एकेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्या लग्नाचा फोटो भिंतीवर आहे. वर्षा छान हसली आहे, आणि नवरदेवानं ओठ असे गच्च मिटले आहेत, की जणू फोटोवाला तोंडात कडू औषधच घालणार होता. मी एकदा म्हटलं, "वर्षा, नवरा दुपट्टा काढतो तरी केव्हा वं?" तर म्हणाली, "काकू, जेवताना. तेव्हाबी भिंतीकडं तोंड करून."

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. गडचांदुरात दुपट्टा बांधलेल्या माणसाकडे कोण बघतो? उन्हाळ्यात ऊन, बाकी दिवस गाड्यांची धूळ. काट्यावर बसणारा माणूस तोंड बांधणारच.

तसं म्हटलं तर झाकाझाकी मीही करते. माझे खरे दात केव्हाच गेले. आहे ती कवळी. रात्री ती वाटीत पाण्यात असते, आणि सकाळी ती लावल्याशिवाय मी माणसांत येत नाही. अंगणात सडा टाकायला गेले तर तोंडावर पदर. माझ्या नवऱ्यानंसुद्धा मला बिनदातांची पाहिली नव्हती. असो. सांगत होते ओवीचं.

ओवीचे दात घासायचं काम ऋषीभाऊंनी स्वतःकडे घेतलं होतं. वर्षानं हात लावायचा नाही. रोज सकाळी सात वाजता अंगणात उलट्या बादलीवर ओवी, समोर उकिडवे ऋषीभाऊ, हातात ससा काढलेला छोटा ब्रश. ब्रशवर पेस्ट नाही. नुसतं पाणी. पेस्ट अजून ठरली नव्हती ना!

"चला, गाडी काट्यावर घ्या," ऋषीभाऊ दुपट्ट्याआडून सुरू करायचे. "हळू… मागं… अजून थोडी मागं… बस! आता फाटक उघडा."

ओवीचं फाटक बंद. ओठ असे आवळलेले, की मध्ये कागद जाणार नाही.

"आ कर आ! ओवीबाई, आ!"

ओवी नाकानं "ऊं" म्हणायची. मग ब्रश हिसकायची, चावायची, कोंबडीला मारून फेकायची. रडारड व्हायची. सगळी गल्ली त्या आवाजावर घड्याळ लावायची. ऋषीभाऊ घामाघूम होऊन उठायचे आणि म्हणायचे, "आज पानी तरी लागलं दाताले." रात्री पोरगी बाटलीतल्या साखरेच्या दुधाशिवाय झोपत नसे, ते एक वेगळंच. त्याकडे मात्र या चिंतामणीचं लक्ष नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही नव्हतं.

पण गुणी पोर हो! माझ्या दुकानात आली की बरणीतल्या गोळ्यांकडे पाहून हसायची आणि हसताना चिमुकला पंजा तोंडावर धरायची. आम्ही सगळ्या बाया म्हणायचो, केवढी लाजरी हाय पाहा ना!

एकदा मी आपण होऊन अस्वलाच्या चित्राची, लहान मुलांची पेस्ट त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "ही न्या. पोरीले गोड लागते, तोंड उघडंल."

भिंग डब्यावरून फिरलं आणि एका जागी थांबलं. ऋषीभाऊंनी डबा दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

"यात फ्लोराइड हाय."

"मंग?"

"ते नाव माह्यापुढं घेऊ नका बाई."

मी दुसरा डबा काढला. त्यात ते नव्हतं, तसं डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंच होतं. तो त्यांनी दोनदा वाचला. "यात ते नाई. पन मंग यात का हाय, ते समजून नाई राह्यलं." तोही परत. मी इतकी चिडले, की त्या दिवशी त्यांना म्हटलं, "मंग राखुंडीनं घासा." त्यांनी ते मनावर घेतलं आणि राखेत काय काय असतं याची चौकशी करायला लागले.

आणि एका सोमवारी सकाळी दुकान उघडते तो दारात ऋषीभाऊ. कडेवर ओवी. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात वर्षाची.

"बाई, सुरू झालं."

"का सुरू झालं?"

त्यांनी ओवीला काउंटरवर बसवलं आणि बोटानं तिचा वरचा ओठ उचलला. पुढच्या दोन दातांवर, हिरडीला लागून, खडूनं ओढावी तशी पांढरी रेघ. दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातली बॅटरी काढून उजेड धरला.

"आता पांढरं हाय. मंग पिवळं होईन. मंग तपकिरी. मले माहीत हाय कसं होते ते. मी पेस्ट नाई लावली, बोअरचं पानी नाई पाजलं, तरी आलं बाई. माह्या रक्तातूनच आलं हे."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहून घाबरायला झालं. वर्षा दोन दिवस तापानं पडलेली. एकटे जायला ऋषीभाऊ धजेनात. "डॉक्टरपुढं तुमी बोला. मले नाई बोलता येत." मी दुकानाचं शटर ओढलं, कवळी नीट बसली आहे ना ते चाचपलं आणि निघाले.

चंद्रपूरच्या एसटीत ओवी माझ्या मांडीवर. पुढच्या सीटवरची म्हातारी मागे वळून तिला पदराआडून बुवा-कूक करत होती. ओवी खिदळत होती, पंजा तोंडावर. ऋषीभाऊ खिडकीशी बसून दर दहा मिनिटांनी बॅटरी काढायचे. मी म्हणायची, "अहो, दहा मिनिटांत का वाढन ते?" ते म्हणायचे, "खाली गाडीचं माहीत असलेलं बरं."

दाताच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ऋषीभाऊंना समोरच्या स्टुलावर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावला, आणि ओवीला दोघांच्या मांड्यांवर आडवं करून डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. ओवीनं ओठ आवळले. आवळले आणि मग अर्थातच भोकाड पसरलं.

"रडू द्या," बाई म्हणाल्या. "रडलं की तोंड उघडतंच." अर्ध्या मिनिटात पाहून झालंसुद्धा. रोज सात वाजता चाललेला तमाशा आठवून मला हसू येणार होतं, पण शेजारी ऋषीभाऊ श्वास धरून बसले होते.

"दात किडायला लागलेत," बाई म्हणाल्या.

"किडायले?" ऋषीभाऊ अर्धे उठले. "मंजे कीडच हाय ना? नक्की? पिवळे नाई होनार?"

"कीडच आहे. सुरुवात आहे, अजून भोक पडलेलं नाही."

"बाप्पा!" ऋषीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे चमकत होते. "बाई, कीड हाय म्हनते!"

पोरीचे दात किडले म्हणून आनंदलेला बाप मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. डॉक्टरीणबाईंनीही पाहिला नसावा. त्यांनी विचारलं, "पेस्ट कोणती वापरता?"

"कोनतीच नाई."

"रात्री बाटलीतून दूध? साखर घालून?"

"हौ."

"मग किडणारच. बाटली बंद करा. आणि दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट लावा, म्हणजे हे इथेच थांबेल."

ऋषीभाऊ उभे राहिले. हा माणूस आवाज चढवतो हे मला माहीत नव्हतं.

"तेच लावू? ज्यानं माह्या गावचे सारे पोट्टे बरबाद केले, तेच माह्या पोरीच्या तोंडात घालू? तुमी डॉक्टर हाय का कोन हाय?"

ओवी रडायची थांबली. बाहेरच्या बाकावरचे लोक आत वाकून पाहू लागले. मी म्हटलं, "भाऊ, बसा. बसा आधी." ते बसले. आणि मग दुपट्ट्याआडून, जमिनीकडे पाहत, त्यांनी जे सांगितलं ते मी बारा वर्षं शेजारी राहून कधी ऐकलं नव्हतं.

चिमूरकडचं त्यांचं खेडं. शाळेपुढे एक बोअर, म्हणजे हापसा. पाणी गार आणि गोड. सगळं गाव त्यावर. दुधाचे दात पडून नवे आले, ते येतानाच पिवळे आले, मग त्यावर तपकिरी पट्टे चढले. एका वर्गात सगळ्यांचे तसेच, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. बऱ्याच वर्षांनी जीपमधून माणसं आली, बाटलीत पाणी भरून घेऊन गेली, आणि पुन्हा येऊन त्यांनी हापशाला लाल रंग मारला. हे पाणी पिऊ नका, यात फ्लोराइड आहे.

"तवर आमी मिसरूडवाले झालो होतो बाई," ऋषीभाऊ म्हणाले. "मंग पोरी पाह्यल्या. पाह्यल्या मंजे पाह्यतच राह्यलो. एका ठिकानी सारं जमलं होतं. पोरीनं चहा आनला, म्या तिच्याकडं पाहून हासलो. ती भावाले म्हने, हा तर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते. म्या जिंदगीत सुपारीचं खांडबी तोंडात नाई घेतलं! कोनाकोनाले सांगू? त्या दिवसापासून हा दुपट्टा बांधला."

नवरदेवासाठीच तर पेस्ट पाहून राह्यलो. मी हसले होते. दुकानात चारचौघांत खो खो हसले होते. मला तिथल्या तिथे स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मला दात दाखवता?" ऋषीभाऊंनी मान हलवली, नाही. त्यांनी आग्रह केला नाही. हळू आवाजात समजावलं, की तुमचे दात हिरडीच्या आत घडत होते तेव्हा ते पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, रोज तांब्या तांब्यानं. पेस्ट थोडीशी वरून लावायची, आणि जमेल तितकी पुसून, थुंकून टाकायची. भाजीत चिमूटभर मीठ घालतो आणि मूठभर घालतो, एकच का ते?

ऋषीभाऊंनी आधी चिमूट जुळवून पाहिली, मग मूठ. मग म्हणाले, "मंजे आमाले ओव्हरलोड झालं होतं."

"अगदी तसंच."

"आनि हिले किती चालते?"

"तांदळाच्या दाण्याएवढी."

झालं! मला कळलं आता काय येणार ते.

"कोनता तांदूळ?" ऋषीभाऊंनी विचारलं. "बारीक का ठोकळ?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"कच्चा का शिजलेला? शिजला का दुप्पट होते ना बाई. तुमी दाना म्हनता, आमच्या चिमूरकडं दाना सतरा तऱ्हेचा."

"बारीक. कच्चा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं. ऋषीभाऊंनी भिंग काढून ते वाचलं.

आम्ही उठलो. बाईंनी ओवीच्या हातावर फुग्याचं स्टिकर लावलं. ओवी हसली, पंजा तोंडावर. बाईंनी तो पंजा अलगद खाली केला. ओवीनं पुन्हा वर नेला.

"ही हसताना तोंड का झाकते?"

"लाजरी हाय," मी म्हटलं.

"आणि तोंड उघड म्हटलं की मिटते. घरी कोणाला पाहून शिकली? या वयात मुलं सांगितलेलं करत नाहीत, पाहिलेलं करतात. तिच्यासमोर तुम्ही रोज दात घासा. तोंड मोठं उघडून. ती आपोआप उघडेल."

बाईंना काही ठाऊक नव्हतं, त्या सहज बोलून गेल्या. पण मी ऋषीभाऊंकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात दुपट्ट्यावर होता, नेहमीसारखा तोंडापाशी, बोटं जोडलेली. आणि कडेवरच्या ओवीचा हात अगदी तसाच तिच्या तोंडापाशी. त्यांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. हात खाली घेतला. थोड्या वेळानं तो पुन्हा आपोआप वर गेला होता.

परतीच्या गाडीत ऋषीभाऊंनी बॅटरी काढली नाही. गडचांदूरच्या अलीकडे एकदाच बोलले. "तिचे दात चांगले हाय बाई. एकदम पांढरेशुभ्र. तरी लपवते." मी ओवीचा फ्रॉक सारखा करत राहिले.

अस्वलाची पेस्ट त्यांनी त्याच संध्याकाळी नेली. भिंग न काढता नेली, तेव्हा मला उलट काळजीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, अंगणात शांतता. तिसऱ्या दिवशीही. भिंतीवरून पाहिलं तर ऋषीभाऊ उलट्या बादलीसमोर दुपट्टा बांधून नुसते बसलेले, हातात दोन ब्रश, एक मोठा, एक सशाचा. ओवी कोंबडीमागे धावत होती. वर्षा दारात उभी होती. मला वाटलं, जाऊन सांगावं, अहो काढा तो दुपट्टा, पोरीसमोर कसली लाज! पण मग आठवलं, की मी स्वतः भिंतीआड पदर तोंडाला लावून उभी आहे. कवळी आत वाटीत. कोणत्या तोंडानं सांगणार होते?

चौथ्या दिवशी सडा टाकत होते, तर पलीकडून ओवीचा आवाज आला.

"गाली कात्याव घ्या!"

मी बादली ठेवली आणि भिंतीशी गेले. दुपट्टा तारेवर वाळत घातला होता. ऋषीभाऊ उलट्या बादलीवर बसलेले, आणि समोर ओवी उभी, दोन्ही हातांनी बापाचा मोठा ब्रश धरून. "हलू… मागं… बस! आ कल!"

ऋषीभाऊंनी डोळे मिटले. आणि तोंड उघडलं.

पिवळे होते. त्यावर आडवे तपकिरी पट्टे, एका दाताचा कोपरा उडालेला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी पाहत होते. माझ्या मनात काय आलं असेल? काही नाही. दात होते, एवढंच. एवढ्यासाठी हा माणूस भिंतीकडे तोंड करून जेवत होता?

ओवी वाकून आत बघत राहिली. बघितलं, बोट लावलं, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"बाबा! बिक्कीत!"

ऋषीभाऊंनी डोळे उघडले.

"बाबाच्या तोंदात बिक्कीत हाय! मले पन दे!" आणि ती बोटं घालून ते काढायलाच लागली.

ऋषीभाऊ हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग धो धो हसले. सवयीनं हात वर निघाला होता, पण त्या हातात ओवी पडू नये म्हणून तिचा फ्रॉक धरलेला होता. बाप हसतो आहे म्हटल्यावर ओवीही हसायला लागली, बापाएवढंच तोंड उघडून. तिचे दोन्ही हात बापाच्या तोंडात होते. आपल्या तोंडावर ठेवायला हातच नव्हते पोरीला. तेवढ्यात सशाचा ब्रश तिच्या दातांवरून फिरला. एकदा, दोनदा, वर, खाली. रडारड नाही. दारात वर्षा उभी होती, तिनं साडीचं टोक डोळ्यांना लावलं. माझंही तेच चाललं होतं.

"बाई," पलीकडून हाक आली. "पाहून राह्यल्या ना? मले माहीत हाय."

दुपट्ट्याशिवाय त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. चांगला खणखणीत आवाज आहे.

"मंग सांगा तरी. एवढंच ना?" ऋषीभाऊंनी सशाचा ब्रश भिंतीकडे उंच धरला. संध्याकाळी किती लावायची ते ठरवायला त्यावर पेस्टचा नवा ठिपका लावून पाहिला होता, आणि डाव्या तळहातावर तांदळाचा एक कच्चा दाणा, बारीक. चेहऱ्यावर पुन्हा तीच काळजी. "जास्त तर नाई झालं? नीट पाहून सांगा बाई."

मला ब्रश नीट दिसत नव्हता. डोळ्यांत पाणी भरलेलं. त्यात तोंडावर पदर, पदराआडून बोललेलं त्यांना ऐकू जाईना. "काय म्हनता?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. ओवी भिंतीकडे पाहत होती. ऋषीभाऊ उघड्या तोंडानं वाट पाहत होते.

मी पदर खाली केला.

"दाण्याएवढंच हाय, भाऊ," मी म्हटलं. कवळीशिवाय ते कसं ऐकू आलं असेल देव जाणे.

ओवीनं माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग बापाचा ब्रश माझ्याकडे रोखला.

"आजी, आ कल!"